चोवीस पातेली

अंबानिदियाच्या उतारावर कुणाची टॅक्सी बंद पडली की ड्रायव्हर ती ढकलत ढकलत राफिदीकाकांच्या शेडपर्यंत आणतो, पण काकांना काही विचारत नाही. विचारतो शेडला लागून असलेल्या भाताच्या खानावळीत.

"मावशी, किती पातेली?"

वोआहीमावशी कोळशाच्या शेगडीवरून मान वर करत नाही. "आधी बिघडलंय काय ते सांग. माझ्या अंगात येतं का?"

मग ड्रायव्हर सांगतो. क्लच घसरतोय. मावशी म्हणते, नऊ. ब्रेक लागत नाहीत. तीन. प्लग बदलायचाय. "ते टोळ तळेपर्यंत होईल, बस तिथे." ज्यांना हे काम करायचं असतं ते राफिदीकाका गाडीखाली पडल्या पडल्या सगळं ऐकतात आणि नुसतं हूं म्हणतात. झाला अंदाज.

पातेलं म्हणजे एक पातेलं भात व्हायला लागणारा वेळ. आमच्या पणज्या असंच मोजायच्या. लांबची वाट असली तर इतकी पातेली, जरा वेळ थांबायचं असलं तर टोळ तळेपर्यंत. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आणि फोनमध्ये घड्याळ, त्यामुळे हे माप म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढं उरलंय. मावशीच्या खानावळीत मात्र ते रोज वापरात आहे. दुधाच्या रिकाम्या डब्याने मोजून सहा डबे तांदूळ, वर बोटाचं दीड पेर पाणी, खाली कोळसा. अर्धा तास. आम्ही टॅक्सीवाले हे पाढ्यांसारखं पाठ करून बसलोय. बारा पातेली म्हणजे सहा तास, चोवीस म्हणजे बारा.

मावशी मूळची अंबातोलांपीची. तिकडे घरोघरी ॲल्युमिनियमची पातेली ओततात. भंगारातली पिस्टनं, फुटकी इंजिनं आणायची, वितळवायची आणि साच्यात घालायची. या शहरातल्या निम्म्या जुन्या गाड्या आता भात शिजवतात असं मी म्हणतो, ते काही अगदीच खोटं नाही. राफिदीकाका तरुणपणी तिथे एक पोतंभर फुटकं इंजिन विकायला गेले आणि ओतणाऱ्याच्या मुलीला पसंत करून आले.

"भंगार दिलं आणि सोनं आणलं," काका अजून सांगतात.

"सोनं असते तर कधीच विकली असतीत," मावशी म्हणते.

काकांसारखा कारागीर मी पाहिलेला नाही, पण त्यांना एक वाईट खोड होती. ते प्रत्येकाला 'उद्या' म्हणायचे. गाडी कधी मिळेल? उद्या. एका पाववाल्याने व्हॅन टाकली होती, तो सात दिवस रोज यायचा आणि रोज 'उद्या' घेऊन जायचा. आठव्या दिवशी तो रडकुंडीला आला तेव्हा मावशी पहिल्यांदा मधे बोलली. "उद्या नाही, दादा. तेरा पातेली. घरी जा, निवांत जेवा, तेरावं उतरलं की या." काका चकित होऊन बघत राहिले. मावशीने आयुष्यात पाना हातात धरला नव्हता. पण चूल आणि शेड यांच्यात एकच पत्रा, आणि त्या पत्र्याला मुठीएवढं भोक. भाताकडे डोळा ठेवून पाच वर्षं ती कानाने त्या भोकातून काम ऐकत होती. कुठला बोल्ट किती वेळ कुरकुरतो, कुठे काका शिव्या देतात, कुठे शीळ घालतात, सगळं तिच्याजवळ पातेल्यांत जमा होतं. तेरावं पातेलं उतरलं आणि पलीकडे व्हॅन चालू झाली.

तेव्हापासून उतारावर तिचा शब्द चालतो. काकांनाही ते मानवलं. त्यांना घड्याळाचा धाक कधी वाटला नाही, पण तिचा आकडा पाळायची त्यांनी हौस धरली. त्यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे चोवीस. दोश्वो, म्हणजे आमच्याकडे टॅक्सी म्हणून चालणारी जुनी, छोटी फ्रेंच गाडी, तिचे टायमिंग गिअर बदलायला चोवीस पातेली. काका कुठल्याही लग्नात, कुठल्याही मयतीला हा आकडा ऐकवायचे. "दोश्वोचं पोट चोवीस पातेल्यांत उघडून शिवणारा दुसरा माणूस दाखवा." कुणी दाखवला नाही.

सहा वर्षांपूर्वी मावशीकडे नवं पातेलं आलं. तिच्या भावाने ओतून पाठवलेलं, पंधरा डबे तांदळाचं, दणकट. त्याला कडी नव्हती. काकांनीच भोकं पाडून, रिबिट ठोकून कडी बसवली. जुनं पातेलं खिळ्याला टांगलं गेलं. "गिऱ्हाइकं वाढलीत," मावशी म्हणाली. मी तिथे रोज जेवतो. गिऱ्हाइकं वाढली नव्हती, उलट जुन्या टॅक्स्या कमी होत चालल्यामुळे घटली होती. उरलेला भात संध्याकाळी शेजारच्या बदकांना जायचा आणि बदकं इतकी माजली होती की रस्ता ओलांडायची नाहीत. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी एवढा हुशार असतो तर टॅक्सी चालवली नसती.

माझी दोश्वो माझ्या बापाची. खव्याच्या रंगाची, पुढच्या सीटची एक स्प्रिंग तुटलेली. त्याने तिच्यावर आम्हाला वाढवलं. माझी धाकटी बहीण मियाली लहान असताना शाळेत जायला रडायची, तेव्हा बाप तिला पुढे बसवून म्हणायचा, "आज शाळेत नेतो, एक दिवस याच गाडीतून चर्चमध्ये नेईन, पांढऱ्या झग्यात." शेवटच्या आजारात त्याने माझा हात धरून तेच सांगितलं. मी हो म्हणालो. आमच्याकडे जिवंत माणसाला दिलेला शब्द एखाद वेळी पुढेमागे होतो, गेलेल्या माणसाला दिलेला होत नाही.

मियालीचं लग्न ठरलं. दिवस पाहणाऱ्याने शनिवार काढून दिला आणि वेळही बांधून दिली: सकाळी आठच्या आत मुलीने बापाच्या घराचा उंबरा ओलांडून गाडीत बसायचं. आणि त्याच आठवड्यातल्या बुधवारी माझ्या गाडीच्या पंख्यामागून खर्रखर्र सुरू झालं. दुपारपर्यंत ती बंदच पडली. मी ती ढकलत आणली. मंगळवारी काका इंजिनाचं पोट उघडत नाहीत, त्यांच्या घराण्यात ते निषिद्ध आहे. बुधवार होता हे माझं नशीब.

काकांनी लाकडाची एक काठी इंजिनाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि मला हाताने क्रँकचा दांडा फिरवायला सांगितलं. डोळे मिटून ऐकत राहिले.

"हाजा, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतोस ना?"

"सगळेच सोडतात, काका."

"आणि खाली आलास की गिअरमध्ये टाकून दणका देऊन चालू करतोस."

"पेट्रोल वाचतं."

"पेट्रोल वाचतं आणि दाते जातात. तुझा बाप पण तसाच. तुम्ही बापलेकांनी मिळून माझं घर चालवलंत." त्यांनी काठी खाली ठेवली. "टायमिंग गिअर. दोन्ही."

टायमिंग गिअर म्हणजे इंजिनाच्या आत एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चाकं, एक छोटं, एक मोठं. छोटं फिरतं, मोठ्याला फिरवतं, आणि मोठं ठरवतं की कुठली झडप कधी उघडायची. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी इंजिन चालत नाही. दोश्वोत ही चाकं अशा जागी दडवलीत की तिथे पोचायला इंजिन बाहेर काढून त्याची कवचं सुपारीसारखी दोन भाग करून फोडावी लागतात. सुदैवाने काकांनी एका भंगार गाडीतली चांगली जोडी ऑइलच्या फडक्यात गुंडाळून वर्षानुवर्षं जपून ठेवली होती.

मी पत्र्यापलीकडे ओरडलो, "मावशी, ऐकलंस ना? किती?"

पलीकडे झाकण उघडून पुन्हा बसवल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाली, "चोवीस."

"ऐकलं?" काका मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून दिसतो.

मी लगेच बोटांवर हिशेब केला. चोवीस म्हणजे बारा तास. आज दुपारचे तीन, उद्याचे सात, शुक्रवारी दोन. काका दिवसाला सात तासांवर काम करत नाहीत, आणि दिवेलागणीनंतर मुळीच नाही, कारण आमच्या उतारावरची वीज पाहुण्यासारखी येते. म्हणजे शुक्रवारी सकाळी दहाला गाडी तयार. मी तिथूनच, मावशीच्या बाकावर बसून, मियालीला फोन लावला. "शुक्रवारी जेवायच्या आत गाडी दारात. तू फक्त फुलं कुठली बांधायची ते ठरव." मावशी माझ्यासमोर थाळी घासत होती. तिने तीच थाळी पुन्हा घासली.

संध्याकाळपर्यंत मी आणि काकांनी इंजिन उतरवलं. दोश्वोचं इंजिन हलकं, दोन माणसं उचलून बाजूला ठेवू शकतात. गुरुवारी सकाळी मी साडेसातलाच हजर झालो. काका वरची टोपणं सोडवत बसले होते. एक नट त्यांच्या हातून निसटला आणि ते चवड्यांवर बसून जमीन चाचपायला लागले. मी उचलून दिला. "दिसला होता मला," ते म्हणाले.

"हाजा," मावशीने हाक मारली, "जरा मागे ये. कोळसा फोडायचाय."

कोळसा फोडलेलाच होता. पोत्यांच्या आड मावशी उभी होती, शाल गळ्याशी आवळून. थंडीचे दिवस होते, पण ती थंडीने तशी उभी नव्हती.

"मियालीला काय सांगितलंस?"

"तुझ्यासमोरच सांगितलं की. शुक्रवारी जेवायच्या आत."

"कसं मोजलंस?"

"कसं म्हणजे? चोवीस पातेली, बारा तास."

"तू जुन्या पातेल्याने मोजलंस." ती जमिनीकडे बघत होती. "या मोठ्याला अर्धा तास पुरत नाही, हाजा. पन्नास मिनिटं लागतात."

मला आधी कळलंच नाही. मग मी फोन काढला आणि गुणाकार केला. चोवीस पन्नासे बाराशे. बाराशे मिनिटं म्हणजे वीस तास. बुधवारचे तीन, गुरुवारचे सात, शुक्रवारचे सात. सतरा. उरलेले तीन शनिवारी. म्हणजे शनिवारी सकाळी अकरा.

मी तापट माणूस आहे, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. "सहा वर्षं?" मी म्हणालो. "मावशी, सहा वर्षं तू आम्हाला गंडवतेस?"

"हळू बोल. भोक आहे पत्र्याला."

"का हळू बोलू? आख्खा उतार तुझ्या शब्दावर चालतो!"

"तर ऐक." तिने माझी बाही धरली. "त्यांचे हात कापतात. एक नट पडला की शोधण्यात अर्धं पातेलं जातं. चष्मा लावूनही खुणा दिसत नाहीत. चोवीसचे एकदा सव्वीस व्हायला लागले, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला खरंच सव्वीस सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणाले, मी म्हातारा झालो हे तू सगळ्या उताराला ओरडून सांगितलंस. माझ्याशी बोलायचे, पण भिंतीशी बोलल्यासारखं. मग मी भावाला निरोप धाडला, मोठं पातेलं ओतून दे म्हणून." तिने माझी बाही सोडली. "पहिली दोन वर्षं मी कोळसा जास्त घालून लवकर उतरवायचे. आता घालावा लागत नाही. आता ते पातेलं त्यांना बरोबर पुरतं."

"आणि बाकीच्या ड्रायव्हरांनी कधी विचारलं नाही?"

"दोन तासांवरून भांडणारी जात आहे का तुमची? उशीर झाला तर तुम्ही बदकांशी खेळत बसता."

ते खरं होतं. मीही बसलोय.

"दुसरी गाडी बघ, हाजा. शनिवारपुरती. त्यांना यातलं काही बोलू नकोस. मी पाया पडते तुझ्या."

तिने खरंच वाकायला सुरुवात केली आणि मी तिला धरलं. वयाने ती माझ्या आईएवढी. माझा राग तिथेच उतरायला हवा होता, पण माझ्या डोळ्यांसमोर मियाली होती. "दुसऱ्या गाड्या शंभर आहेत," मी म्हणालो. "माझा बाप शंभर गाड्यांतून न्यायला निघाला नव्हता. काकांना वाईट वाटू नये म्हणून मियालीने अकरापर्यंत उंबऱ्यात उभं राहायचं का, सांग तू."

मावशी चुलीकडे गेली. मोठ्या पातेल्यातला भात अजून अर्धाकच्चा होता, त्यातून बुडबुडे येत होते. तिने तो तसाच शेगडीवरून उतरवला. बाकावर चार ड्रायव्हर जेवायची वाट बघत बसले होते, त्यांनी एकमेकांकडे बघितलं. अर्धाकच्चा भात उतरवणारी बाई या शहरात कुणी पाहिलेली नाही. मग तिने खिळ्यावरचं जुनं, काजळी धरलेलं पातेलं काढलं, पुसलं, सहा डबे तांदूळ मोजले, पाणी घातलं आणि शेगडीवर ठेवलं. जुन्या पातेल्याचं झाकण पहिल्यापासून वाकडं. पाणी तापलं तसं ते वाजायला लागलं.

पलीकडचा ठोकाठोकीचा आवाज थांबला. काका हात पुसत शेडच्या बाहेर आले.

"आज छोटं कशाला?"

"हाजाने छोट्याने मोजलं होतं," मावशी म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "शनिवारी आठच्या आत मुलीला निघायचंय. वेळ बांधलेली आहे."

काका पातेल्याकडे बघत राहिले. झाकण वाजत होतं.

"छोट्याने किती होतात?"

"अहो, जाऊ दे ते—"

"किती?"

"चाळीस."

चारही ड्रायव्हरांनी ऐकलं. या उतारावर चोवीसचा माणूस म्हणून जगलेल्या माणसाला त्याच्या बायकोने सगळ्यांसमोर चाळीस म्हटलं होतं, आणि ते मी म्हणायला लावलं होतं. मला वाटलं, काका आता पाने पेटीत टाकतील आणि शेड बंद करतील. त्यांनी तसं केलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

ते मोठ्या पातेल्यापाशी गेले आणि खाली बसले. त्याची कडी त्यांनी बोटाने वर केली, खाली सोडली.

"ही मी बसवली," ते म्हणाले. "पंधरा डब्यांचं पातेलं. इंजिनाच्या पोटात किती ऑइल मावतं ते मी नुसतं बघून सांगतो, आणि पातेल्यात किती मावतं ते मला कळायचं नाही?"

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" काकांनी बदकांकडे हात केला. "तू माझ्यासाठी रोज एवढा भात रांधून बदकांना घालत होतीस. माझं तोंड कुठे होतं बोलायला? सव्वीस ऐकून मी उपाशी झोपलो होतो. त्याची मलाच लाज वाटत होती." मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि एकदम नेहमीच्या सुरात खेकसले, "चल आत. मोठ्या चाकाच्या स्प्रिंगा दाबून धरायला एक माणूस लागतो आणि खिळा घालायला दुसरा."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"चाळीस वर्षं त्या भोकातून ऐकतेस, आणि काय येतं म्हणून विचारतेस!"

"आणि भात?"

"भात हाजा लावेल. त्याच्यामुळेच झालंय सगळं."

सगळे हसले, आणि मी सुटलो. निदान मला तसं वाटलं. त्यानंतर दोन दिवस मी त्या शेगडीपुढे जे भोगलं ते माझं मलाच ठाऊक. पहिलं पातेलं खाली करपलं, दुसरं वर कच्चं राहिलं, तिसरं दोन्हीकडून. भाताच्या करपलेल्या खरवडीत पाणी ओतून उकळलं की आमचं प्यायचं पाणी होतं, सोनेरी रंगाचं. त्या दोन दिवसांत उतारावर ते पाणी इतकं झालं की ड्रायव्हर घरी बाटल्या भरून घेऊन गेले. "हाजा," एकजण म्हणाला, "भात नको, नुसतं पाणीच वाढ." मी त्याला उपाशी ठेवला.

पण मधून मधून मी भोकातून बघायचो. कवचं फोडून झाली होती. दोश्वोचं मोठं चाक म्हणजे खरं तर दोन चकत्या, मधे स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा दाबून दोन्ही चकत्यांचे दाते एका रेषेत आणायचे, भोकात खिळा घालून धरायचे, आणि मग दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर येतील असं बसवायचं. खूण म्हणजे टोच्याने मारलेला एक ठिपका, आणि तोही जुन्या ऑइलने बुजलेला. काका चाक चष्म्याजवळ नेत होते, लांब धरत होते. मावशीने ते हातातून घेतलं, अंगठ्याचं नख कडेकडेने फिरवलं आणि एका दात्याशी थांबली. "हा." रोज तांदळातले खडे निवडणारी बोटं ती. काकांनी स्प्रिंगा दाबल्या. हात कापत होते, म्हणून तिने आपला डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि उजव्याने खिळा आत सारला. चाकं एकमेकांत बसली.

"पहिल्या फटक्यात," काका म्हणाले.

"बोलू नका, मोजणं चुकेल," मावशी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आज कुणीच मोजत नाहीये. ती हसायला लागली. तिचं हसणं मी आधी ऐकलं असेल, पण इतका वेळ चाललेलं कधीच नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला इंजिन गाडीत बसलं. काकांनी क्रँक माझ्या हातात दिला. दुसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली, आणि खर्रखर्र नव्हती. मी तिथेच रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण चार ड्रायव्हर आणि बारा बदकांनी ते पाहिलं.

"उतारावर इंजिन बंद करायचं नाही," काका म्हणाले.

"नाही करणार, काका."

"खोटारडा."

शनिवारी आठला दहा मिनिटं असताना मियालीने उंबरा ओलांडला. तिने पांढरी फुलं बांधली होती, आणि तुटक्या स्प्रिंगवर उशी ठेवली होती. पुढच्या सीटवर बसून ती म्हणाली, "दादा, शाळेत जायचं असल्यासारखं वाटतंय." उतारावर मी इंजिन चालू ठेवलं. त्या एका दिवशी तरी.

सोमवारी मी लग्नातलं मटण घेऊन खानावळीत गेलो. मावशी बाकावर बसून तांदूळ निवडत होती, दोन्ही पातेली शेजारी पालथी. एवढ्यात मुख्य रस्त्यावरून एकजण निळी दोश्वो ढकलत आला, घामाघूम. तो नेहमीचा नव्हता, पण मोजायची पद्धत त्याने ऐकलेली होती.

"मावशी, टायमिंग गिअर गेलेत म्हणे. किती पातेली?"

मावशीने मान वर केली आणि पत्र्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, पण आकडा बाहेर येईना. कुठला सांगायचा ते तिला कळेना.

पत्र्याच्या भोकातून काकांचा आवाज आला, चांगला मोठ्याने, बाकावरच्या सगळ्यांना आणि रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल असा.

"माझ्या एकट्याची चाळीस. ती आत आली तर चोवीस. छोट्याने मोज."

मावशीने छोटं पातेलं सुलटं केलं आणि डब्याने तांदूळ घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मग थांबली, पातेल्यात बघितलं, तांदूळ परत पोत्यात ओतले आणि पहिल्यापासून मोजायला लागली. तिला मोजताना चुकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.